घराच्या आश्रयास आलेली वटवाघळे

बंगळूरच्या चामराजपेट या १८९२ साली वसलेल्या पेठेसारख्या जुन्या वस्तीत कौलांच्या फटींत कीटकभक्षक वटवाघळांस आणि मोठ्या वृक्षांवर फलाहारी वटवाघळांस आश्रय मिळतो. पहिली रात्री उडणारे किडे खातात. दुसरी वड-उंबराच्या बिया दूरवर पेरतात. तरीही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बहुतेक फलाहारी वटवाघळांस उपद्रवी ठरविले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच रद्द केली. कायदा बदलला, आता गृहस्थाची दृष्टी बदलावयास हवी.

भय अगदीच निराधार नाही. केरळात २०१८ साली निपाह रोगाने माणसे दगावली. परंतु त्यावरील उपाय संहार नव्हे, सावधगिरी होय. उष्टी फळे खाऊ नयेत. वटवाघळास उघड्या हाताने शिवू नये. चावल्यास जखम साबणाने धुऊन तत्काळ डॉक्टरांकडे जावे. विष्ठा नाकातोंडावर फडके बांधून, पाणी शिंपडूनच काढावी. फटी बुजविणे आवश्यकच असेल, तर पिल्ले उडू लागल्यानंतर, सर्व वटवाघळे बाहेर पडल्याची खात्री करूनच बुजवाव्यात.

मोठ्या फलाहारी वटवाघळांच्या मादीस वर्षाकाठी बहुधा एकच पिल्लू होते. एका दिवसात तोडलेल्या वृक्षाबरोबर उजाड झालेली त्यांची वस्ती पुन्हा भरण्यास अनेक वर्षे लागतात, हे कुऱ्हाड उचलण्यापूर्वी प्रत्येकाने ध्यानी घ्यावे.