पिपरहवाची रत्ने परतली, प्रश्न उरला
१८९८ मध्ये ब्रिटिश जमीनदार विल्यम पेपे यांनी उत्तर प्रदेशातील पिपरहवाचा स्तूप खोदून तथागतांचे अस्थिधातू आणि रत्ने बाहेर काढली. अस्थिधातू सयामच्या राजाला दिले गेले, बहुतेक रत्ने कोलकात्याच्या संग्रहालयात गेली आणि काही ‘जादा नमुने’ म्हणून पेपे कुटुंबाकडे राहिली.

मे २०२५ मध्ये हीच रत्ने सदबीज हाँगकाँगला लिलावात विकणार होते. भारत सरकारच्या नोटिशीमुळे लिलाव थांबला. जुलैमध्ये गोदरेज समूहाने ती खरेदी केली आणि ती मायदेशी परतली. आनंद आहेच, पण पैसे मोजून वारसा परत घ्यावा लागला, म्हणजे आपला हक्क मान्य झाला नाही.

उत्खननाला आमचा विरोध नाही. त्यातूनच आपला इतिहास उजेडात आला. मात्र अस्थींसोबत श्रद्धेने ठेवलेले दान ‘जादा’ कसे? ते एकत्र राहावे आणि उपासकांना वंदनेसाठी खुले असावे, हा आग्रह आपण धरलाच पाहिजे.