मांडीमागचा ताठरपणा : मालीश की फोम रोलर?

पेढीवर वा गल्ल्यामागे खुर्चीत दिवस काढणाऱ्या गृहस्थास चाळिशीनंतर केव्हातरी उमगते की, गुडघे न वाकवता हात पायाच्या बोटांपर्यंत पोहोचत नाहीत. मांडीच्या मागील तीन स्नायू, म्हणजेच हॅमस्ट्रिंग, बैठकीच्या हाडापासून निघून गुडघ्याच्या खाली जोडले जातात. गुडघा सदैव दुमडलेला असल्याने पूर्ण लांबीपर्यंत ताणले जाण्याचा प्रसंगच त्यांच्यावर येत नाही.

यावर मालीश हा घरोघरी ठाऊक असलेला उपाय. फोम रोलर त्या मानाने नवा. घट्ट फोमचा हा लोड मांडीखाली घ्यावयाचा, दोन्ही हात मागे टेकून शरीराचा भार त्यावर सोडावयाचा आणि बैठकीपासून गुडघ्याच्या वरपर्यंत सावकाश पुढेमागे सरकावयाचे. प्रत्येक पायास एक-दोन मिनिटे पुरतात. गुडघ्याच्या मागील खोलगट भागावर मात्र दाब देऊ नये. तेथून रक्तवाहिन्या व नसा जातात.

दोहोंनी वाकणे तत्काळ थोडे सुधारते. परंतु स्नायू लांबले असे समजणे चूक ठरेल. ताण सहन करण्याची मज्जासंस्थेची तयारी तेवढी वाढलेली असते, आणि हा लाभ बहुधा अर्ध्या तासात ओसरतो. जमाखर्चाच्या भाषेत ही ठेव नव्हे, हातउसने होय.

मग निवड कशावर करावी? रोलरचा खर्च एकदाच, मालीशवाल्याचा दर खेपेस, हा हिशेब तरुणांपुरता खरा. साठीतल्या व्यक्तीस मनगटांवर व खांद्यांवर भार पेलत जमिनीवर सरकणे जड जाते. तिला घरच्या माणसाचा तेलाचा हात अधिक सोयीचा. शिवाय गाठ कोठे आहे आणि दाब कोठे आवरावा, हे हाताला कळते, रोलरला नाही.

टिकाऊ लवचीकता हवी असल्यास दोहोंनंतर ताण देण्यास पर्याय नाही. पाठ सरळ ठेवून, कमरेतून वाकून, अर्धा ते एक मिनिट स्थिर राहावे. हिसके देऊ नयेत. आठवड्यातून निदान तीन दिवस, काही आठवडे हे केल्यावरच फरक टिकू लागतो.

रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्यांनी, तसेच पायांच्या शिरा फुगलेल्या वा हाडे ठिसूळ झालेल्या व्यक्तींनी डॉक्टरांना विचारल्याविना दोन्ही करू नये. एकाच पोटरीस अचानक सूज व वेदना आल्यास मालीश कटाक्षाने टाळून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कमरेपासून पावलापर्यंत मुंग्या येत असतील, तर दुखणे बहुधा स्नायूचे नसून नसेचे असते. तेथे रोलरने त्रास वाढण्याचाच संभव.