वीज गेली, चर्च उघडलं

बाहेर उणे १० अंश आणि घरातला हीटर बंद. कल्पना करून बघा! फेब्रुवारी २०२१ मध्ये ह्यूस्टनकरांनी हे भोगलं. बर्फाची सवय नसलेलं शहर, त्यामुळे घरातले पाण्याचे पाइप गोठले, फुटले आणि छतातून पाणी गळायला लागलं. टेक्ससमध्ये ४५ लाखांहून जास्त घरं-दुकानं अंधारात गेली. उबेसाठी काहींनी बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवली, काहींनी घरात शेगडी पेटवली. कार्बन मोनॉक्साइडने त्यांचा जीव घेतला. सरकारी आकड्यानुसार या वादळाचे बळी २४६.

अशा वेळी अनेकांना आसरा दिला चर्चनी. धर्म बाजूला ठेवून हिशोब बघा. मोठा हॉल, स्वयंपाकघर, पार्किंग आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुठले आजी-आजोबा एकटे राहतात हे माहीत असलेली माणसं. ही यादी वादळ आल्यावर करता येत नाही. ती वर्षानुवर्षांच्या रविवारांतून तयार होते. कोविडमुळे अनेक प्रार्थना ऑनलाइन गेल्या होत्या, तरी ओळखी शाबूत होत्या.

ह्यूस्टनचं लेकवूड चर्च तर पूर्वीचं बास्केटबॉल स्टेडियम. २०१७ च्या हार्वी वादळात दारं उशिरा उघडली म्हणून त्याच्यावर सोशल मीडियातून सडकून टीका झाली होती. या वेळी ते निवारा म्हणून लगेच उघडलं. टीकेचाही उपयोग होतो म्हणायचा!

पण इथे एक गोची आहे. चर्चची वीजही त्याच ग्रिडवरून येते. हॉस्पिटल किंवा अग्निशमन केंद्राच्या लाइनवर जे होते, त्यांची वीज बहुधा टिकली, बाकीच्यांची गेली. म्हणजे तुमच्या गल्लीतलं चर्च ऊब देऊ शकणार की नाही, हे बऱ्याच अंशी नशिबावर. ज्यांच्याकडे वीज नव्हती त्यांनी पाणी वाटलं, जेवण पोचवलं. पण पाण्याच्या बाटलीने खोली गरम होत नाही.

त्याच आठवड्यात टेक्ससमधल्याच कोलोरॅडो सिटीच्या महापौरांनी फेसबुकवर लिहिलं, की तुम्हाला सांभाळणं ही सरकारची जबाबदारी नाही. त्यांनी पद सोडलं. शेजारी धावून येतात म्हटल्यावर अशी भाषा सोपी होते, आणि मला खरी भीती त्याचीच वाटते. कारण हे संकट अचानक आलेलं नव्हतंच. २०११ च्या थंडीतही टेक्ससमधली वीजकेंद्रं बंद पडली होती. यंत्रणा थंडीला तोंड देईल अशी करा, असं केंद्रीय अहवालाने तेव्हाच बजावलं होतं. सक्ती मात्र झाली नाही. त्यात टेक्ससचं ग्रिड देशाच्या बाकी ग्रिडपासून जवळपास वेगळं, त्यामुळे बाहेरून फारशी वीज घेता आली नाही.

सक्तीचा कायदा आला जून २०२१ मध्ये. गॅस पुरवठ्यासाठीचे नियम यायला तर ऑगस्ट २०२२ उजाडला. मधला एक हिवाळा पुन्हा नशिबावरच काढला गेला.