ओटा कोणाला विचारून केलात?

गृहप्रवेशाला गेलं की मी एक गोष्ट हटकून करते. मंडळी हॉलमधलं झुंबर बघत असतात, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन घरधनिणीला विचारते, "ओटा कितीचा धरलात?" उत्तर बहुतेक एकच असतं. "काय की बाई, मिस्त्रीनं केला."

मिस्त्रीनं केला! सोफ्याच्या कापडासाठी तिला चार दुकानं फिरवली, पडद्याचा रंग तिच्या मर्जीचा. पण ती जिथं रोज पाच-सहा तास उभी राहणार, तिथली उंची ठरवणारा माणूस त्या ओट्यावर एक भाकरीही थापणार नाही.

आमचं बेळगावचं घर असंच झालं. मी ४ फूट १० इंच, ओटा ३४ इंच. हिशोब अवघड नाही. उभं राहून कोपर वाकवायचं, त्याच्या चार-पाच इंच खाली ओटा. मला साडेएकतीस पुरला असता. ते अडीच इंच मी २२ वर्षं खांद्यात वागवले.

खिडकीचं दुखणं त्याहून मोठं. स्वयंपाकघर आग्नेयेला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दक्षिणेला खिडकी नको असं सांगितलं गेलं आणि भिंत बंद झाली. आपल्याकडं दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. डिसेंबरात सहालाच मावळतो आणि सूर्य असतो दक्षिणेकडं कललेला. नेमका तोच उजेड आम्ही विटांनी बुजवला. मग चारला दिवा लावा, दिव्यावर चिलटं येणार, ती ताटात पडू नयेत म्हणून राखण करायला पुन्हा मीच. जीवदया आणि ही भिंत एका घरात कशी नांदवायची, ते वास्तुवाल्यानं काही सांगितलं नाही.

दोन वर्षांपूर्वी वरचा मजला चढवायचं ठरलं, तेव्हा नकाशाच्या टेबलाशी मीही खुर्ची ओढून बसले. वाटलं, घरचे अडवतील. अडवलं ते समाजातल्या एका जाणत्या बाईंनी. "माती, पाणी, विटा, सगळा आरंभच की हा. बाईमाणसानं त्या पापात कशाला पडावं?"

अहो, उखळ, जातं, चूल, पाण्याचा माठ, केरसुणी यातही आरंभी हिंसा आहेच ना? ती आपल्या हातात देताना कुणी म्हणालं नाही, की बाई, तू पापात पडू नकोस. चुलीचा आरंभ बाईचा आणि घराचा पुरुषाचा, ही वाटणी शास्त्राची नव्हे, सोयीची आहे. घर बांधणं टळत नसेल तर जपून बांधावं. आणि जपायची सवय रोज पाणी गाळणारीला जास्त, की सिमेंटचं बिल देणाऱ्याला?

उभी राहिले म्हणून तरी दिसलं. स्लॅबच्या दिवशी मिक्सरमध्ये बादल्यांवर बादल्या ओतणं चाललेलं. "वैनी, पातळ असलं की लवकर पसरतंय." पसरतं खरं, पण जादा पाण्यानं काँक्रीट कच्चं राहतं. पीठ सैल झालेलं ओळखायला मला इंजिनिअर व्हावं लागलं नाही. आणि ओतून झाल्यावर, जेव्हा पाणी खरंच हवं, तेव्हा कोणी फिरकेना. सात दिवस तरी स्लॅब ओला राहायला हवा. आम्ही सासू-सुनांनी गोणपाटं अंथरून चौदा दिवस भिजवली.

चुकले नाही असं नाही. वॉशिंग मशीनची जागाच विसरले. ते बिचारं बाल्कनीत ताडपत्रीखाली पावसाळा काढतं. असू दे, माझी चूक आहे, मी निस्तरीन.

कागदाचं तर बोलायलाच नको. फाटकावर 'मातृछाया', उताऱ्यावर मातेचं नाव शोधून सापडत नाही. पलीकडं महाराष्ट्रात २०२१ पासून बाईच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. तेव्हा कुठं काही नवऱ्यांना बायकोचं पूर्ण नाव आठवायला लागलं!

माझ्या भाचीचं बांधकाम दिवाळीनंतर निघतंय. नकाशा तयार आहे म्हणे, तिनं अजून पाहिलेला नाही. रविवारी तो घेऊन ये म्हटलंय, आणि नवऱ्यालाही आण. त्याला आधी माझ्या जुन्या ओट्यापुढं उभा करून वीस भाकऱ्या करायला लावणार आहे.