नाळेतले रक्त कोणाच्या कामी?

प्रसूतीनंतर नाळेत उरणारे रक्त बहुधा वारेबरोबर टाकून दिले जाते. त्यातल्या मूलपेशींपासून पुण्याच्या ‘एनसीसीएस’मधील संशोधकांनी प्रयोगशाळेत डेन्ड्रायटिक पेशी घडवल्या. शत्रूची ओळख देहाच्या सैन्याला पटवून देणाऱ्या या हेरपेशी! प्रौढांच्या रक्तात त्या इतक्या अल्प की, अभ्यासापुरत्या मिळवणेही दुष्कर. म्हणून आधी मूलपेशींची संख्या वाढवायची, मग वृद्धिघटक देऊन त्यांना या वळणावर आणायचे. अशा पेशी अधिक कार्यक्षम कशा होतील, याचा शोधनिबंधही त्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केला. कर्करोगावरील उपचार हे त्यामागचे उद्दिष्ट.

इकडे खासगी पेढ्या मात्र भावी मातापित्यांना ‘जैविक विमा’ विकतात. आपल्याच मुलासाठी हे रक्त साठवण्यास शास्त्रीय आधार नाही, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नि:संदिग्धपणे बजावले आहे. रक्ताच्या कर्करोगात तर ज्या दोषामुळे रोग झाला, तो साठवलेल्या रक्तातही असण्याचा संभव! धास्तीपोटी पैसे मोजणाऱ्या पालकांना हे सांगतो कोण? मातेची लेखी संमती घेऊन हे रक्त सार्वजनिक पेढीकडे किंवा संशोधनाकडे वळवण्याची विचारणा प्रसूतिगृहात नाव नोंदवतानाच व्हावयास हवी; प्रसूतिवेदना सुरू झाल्यावर नव्हे.