कोणते मुद्रण, कोणत्या तारखेपर्यंत?

रोलप्लेइंग गेमच्या नियमपुस्तकाचे शुद्धिपत्र म्हणजे छपाईतल्या चुकांची यादी, असे धरून चालणाऱ्या गेममास्टरची फसगत होते. या यादीत तीन वेगळ्या जातींचे बदल एकाच टाइपात, एकाच ओळीने बसलेले असतात. नोंद ठेवायची ती आधी ही जात ओळखून.

पहिली जात खऱ्या चुकीची. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीचे ‘प्लेअर्स हँडबुक’ 2014मध्ये निघाले, तेव्हा ‘अनआर्म्ड स्ट्राइक’, म्हणजे नुसत्या हातापायांचा वार, शस्त्रांच्या तक्त्यात छापला गेला होता. शस्त्रावर चालणारे मंत्र आणि कौशल्ये मुठीला लागू होतात का, हा वाद त्यातूनच उभा राहिला. 2015च्या शुद्धिपत्राने ती ओळ तक्त्यातून काढून टाकली. असा बदल कोणीही विनातक्रार स्वीकारतो.

दुसरी जात आहे नियम लिहिताना न दिसलेल्या परिणामाची. 2017च्या ‘झॅनाथार्स गाइड टू एव्हरीथिंग’मधला ‘हीलिंग स्पिरिट’ हा मंत्र पाच फुटांच्या चौकोनात एक आत्मा उभा करतो आणि त्या जागेत शिरणाऱ्याची जखम थोडी भरून काढतो. लढाई संपल्यावर अख्खी टोळी मिनिटभर त्या चौकोनातून आळीपाळीने ये-जा करू लागली आणि दुसऱ्या पातळीच्या मंत्राने वरच्या पातळीचे मंत्र निकामी ठरवले. 2020मध्ये या उपचारांच्या संख्येवर मर्यादा आली. मूळ वाक्यात व्याकरणाची वा छपाईची कसलीही चूक नव्हती. ज्या गटाने असा वापर कधी केलाच नाही, त्याला हा बदल घेण्याची घाई नाही.

तिसरी जात सर्वांत अवघड. चौथ्या आवृत्तीत, 2008 साली, ‘मॅजिक मिसाइल’ला फासा टाकून नेम साधावा लागे. 2010मध्ये ती अट काढून मंत्र पुन्हा अचूक लागू लागला. ही दुरुस्ती नव्हे, फेरविचार आहे. जुन्या खेळाडूंच्या मताला दिलेला मान म्हणा हवे तर. त्याच आवृत्तीतल्या ‘स्किल चॅलेंज’चे आकडे तर पुस्तक बाजारात येऊन जेमतेम महिना झाला असताना बदलले. अशा बदलांची गाठोडी पुढे शंभराहून अधिक पानांची झाली आणि छापील पुस्तक टेबलावर ठेवण्यात अर्थ उरला नाही, अशी तक्रार वाढली. ती रास्त होती.

बदल कुठे नोंदला जातो, याची पद्धतही प्रकाशकागणिक वेगळी. ‘पाथफाइंडर’ या दुसऱ्या रोलप्लेइंग गेमच्या पहिल्या आवृत्तीत त्याच्या प्रकाशकाने, पायझोने, शुद्धिपत्र पुनर्मुद्रणाशी जोडले होते. 2009चे ‘कोअर रूलबुक’ सहाव्या मुद्रणापर्यंत पोहोचले, आणि मुखपृष्ठ तेच असलेल्या दोन प्रतींत नियम वेगळे असू शकत. पुढे पायझोने हा दुवा तोडला, पण जुन्या प्रतींतला फरक राहतोच. म्हणून नोंदीची सुरुवात प्रतीपासून करावी. प्रताधिकाराच्या पानावर आकड्यांची उतरती वा चढती रांग असली, तर तिच्यातला सर्वांत लहान आकडा त्या प्रतीचे मुद्रण सांगतो. टेबलावरच्या प्रत्येक प्रतीवर तो पेन्सिलीने लिहून ठेवला की निम्मे वाद सुरूच होत नाहीत.

शुद्धिपत्र आणि खुलासा यांचीही गल्लत होते. ‘ड्रॅगन’ मासिकातल्या ‘सेज ॲडव्हाइस’ सदरापासून खुलाशांची परंपरा आहे. खुलासा मजकूर बदलत नाही, तो कसा वाचायचा ते सांगतो. पाचव्या आवृत्तीच्या काळात मुख्य नियमकार जेरेमी क्रॉफर्ड यांची ट्विटर-उत्तरे अधिकृत निर्णय म्हणून फिरत. 2019मध्ये ‘सेज ॲडव्हाइस’च्या संकलनाने ती निव्वळ सल्ला असल्याचे स्पष्ट केले. त्याआधीच्या नोंदवह्यांत अशी उत्तरे नियमांच्या रकान्यात बसली असतील, तर ती वेगळी काढावीत.

दोन मजकूर भांडू लागले तर कोणाचे ऐकायचे, याचे सर्वांत सुटसुटीत उत्तर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या 3.5 आवृत्तीच्या शुद्धिपत्रांनी दिले होते: तक्ता आणि मजकूर यांत मजकूर खरा, खेळण्याचे नियम ‘प्लेअर्स हँडबुक’चे, राक्षसांचे ‘मॉन्स्टर मॅन्युअल’चे. नंतरच्या आवृत्त्यांत हा क्रम इतक्या ठामपणे सांगितलेला नसला, तरी गटाने तो स्वतःपुरता ठरवून घ्यायला हरकत नाही.

डिजिटल साधनांनी प्रश्न उलटा केला आहे. छापील पुस्तकात बदल मुद्दाम लिहावा लागतो. ॲपमध्ये तो न सांगता येऊन बसतो. ऑगस्ट 2024मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या ‘डी अँड डी बियॉन्ड’ या अधिकृत डिजिटल साधनाने पात्रपत्रिकांवरचे 2014चे मंत्र आणि जादुई वस्तू नव्या नियमांनी बदलण्याचे जाहीर केले. खेळाडूंच्या संतापानंतर काही दिवसांतच निर्णय मागे घेतला गेला. तो मागे घेतला नसता, तर चालू मोहिमेतले पात्र दोन बैठकांच्या मधे परस्पर बदलले असते. पात्रपत्रिकेची पीडीएफ किंवा कागदी प्रत प्रत्येक पातळीला काढून ठेवणे हा यावरचा साधा उपाय आहे.

नोंदवहीला फार रकाने लागत नाहीत. पुस्तक, मुद्रण, पान, बदलाची तारीख, जात, आणि गटाने तो कोणत्या बैठकीपासून लागू केला ते. शेवटचा रकाना बहुतेक ठिकाणी गाळला जातो, आणि भांडण नेमके त्यावरून होते. चुकीची दुरुस्ती लगेच लागू करावी. फेरविचार मोहिमेचा टप्पा संपेपर्यंत थांबवावा. ज्याच्या पात्राची ताकद बदलामुळे घटते, त्या खेळाडूला त्याच पातळीवर निवड बदलण्याची एक संधी द्यावी आणि तीही नोंदवावी.