रक्तदाबाची वही

या खेपेचा विषय आमच्याच अंगावर बेतलेला आहे. कचेरीत तपासणी शिबिर भरले होते. रांग लहान दिसली म्हणून आम्हीही हात पुढे केला. दाब निघाला १६८/१०४. "डोके दुखत नाही, चक्कर नाही, मग कसला दाब?" असे म्हणत आम्ही पुन्हा खुर्चीवर येऊन बसलो. ही पहिली चूक. हा आजार बहुतेकांना काहीच जाणवू देत नाही आणि आतल्या आत हृदय, मेंदू, मूत्रपिंड, डोळे यांची नासधूस करीत राहतो.

दुसरी चूक याहून मोठी. गोळी सुरू झाली, तीन महिन्यांत आकडा १२८/८० वर आला. बरे झालो असे समजून आम्ही गोळी बंद केली. घरी सांगितलेही नाही. पुढे दोन महिन्यांनी शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. त्यांनीही गोळी सोडली होती, हे वहिनींनी दवाखान्याच्या पायरीवर सांगितले तेव्हा आमचे पाय लटपटले. त्याच संध्याकाळी दाब मोजला, १७६/१०६! डॉक्टर म्हणाले, "आकडा उतरला तो गोळीमुळे. गोळी सोडलीत की चढणारच." घोटे सुजले, कोरडा खोकला लागला, तरी डॉक्टरांना सांगावे; ते गोळी बदलून देतात. खर्चाची अडचण असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते, गोळ्याही मोफत मिळतात. तिथे जाण्यात कमीपणा कसला?

आता मिठाचा हिशोब. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही नाही. आमच्या घरी पाच माणसे. बी. कॉम.चे गणित इथे उपयोगी पडले: महिन्याला फार तर पाऊण किलो. वाण्याची यादी पाहिली तर दीड किलो येत होते! शिवाय लोणचे, पापड, फरसाण, खारवलेली सुकी मासळी यांतले मीठ वेगळेच. पत्नीने ताटात मीठ वाढणे बंद केले, भाजीत हळूहळू कमी केले. पहिले पंधरा दिवस जेवण अळणी लागले, मुलांनी तोंडे वाकडी केली, मग जीभ सरावली. सैंधव चालते असे काहीजण सांगतात. तेही मीठच आहे. तंबाखू आणि मशेरी दोन्ही सुटायला हव्यात. (आमची तंबाखू सुटायला वर्ष लागले, हे कबूल करतो.) चालण्यासाठी आम्ही कचेरीच्या दोन थांबे आधीच बसमधून उतरतो. भरभर अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस.

घरी मोजण्याचे यंत्र दंडावर पट्टा बांधण्याचे घ्यावे, पट्टा दंडाच्या मापाचा असावा. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा नको, तंबाखू नको. लघवीला जाऊन यावे, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे स्वस्थ बसावे. हात छातीच्या पातळीवर टेकवावा, बोलू नये. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. असे सकाळ-संध्याकाळ सात दिवस करावे, पहिला दिवस सोडून सरासरी काढावी. ती १३५/८५ किंवा वर असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. एखादा आकडा जास्त आला म्हणून घाबरून स्वतःहून जादा गोळी घेऊ नये. मात्र छातीत दुखणे, धाप, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे यांपैकी काही दिसले तर मोजत बसू नका, १०८ ला फोन करा.

एकदा यंत्र बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी आम्ही पत्नीचा दाब मोजला. १५८/९६. यंत्रच बिघडले असे ती म्हणाली. आठवडाभर मोजला, तरी सरासरी १५० च्या खाली येईना. दवाखान्यात नंबर लावला आहे. वहीत तिच्यासाठी दुसरा रकाना आखला आहे.